हवेत राहिलेले दोन हात

“चीनने दगा दिला आणि रशियाने तोंड मिटून घेतले, त्या काळ्या दिवसांत आपल्या भिलाईतील एका मराठी कामगाराने स्वाभिमान म्हणजे काय ते दाखवून दिले. क्रेन चालवीत असलेल्या तुळशीराम गभने यांना रशियन तज्ज्ञ खालून दोन्ही हात पसरून थांबण्याचा हुकूम देत होता. गभने यांनी त्याच्याकडे पाहिले, मान फिरविली, आणि साचा जेथे उतरवायचा होता तेथेच उतरविला. रशियनाचे हात हवेतच राहिले.”

हा उतारा आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत छापून आला आहे. तो लिहिणारा दिनेश लांजेवार हा निवृत्त शिक्षक. वक्ता म्हणून आमच्या वसाहतीत त्याचे नाव आहे, आणि दर वर्धापनदिनाला तो हा प्रसंग असा रंगवून सांगतो की शेवटच्या वाक्याला टाळी पडतेच. यंदा त्या टाळीनंतर तुळशीराम गभने यांच्या मुलाला, म्हणजे मला, शाल देण्याचे ठरले होते. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेशचा फोन आला. “काका, तुमच्या बाबांचा गौरवच केला ना जी मी. कावून चिडून राहिले?” मी म्हणालो, “गौरव परत घे.” तो हसला. “आता छापून झालं काका.” “मंग मी बी छापतो,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. निंदा झाली तर माणूस चार लोकांकडे दाद मागू शकतो. स्तुती झाली तर कोणाकडे जायचे, हे मला या वयापर्यंत कोणी शिकविले नाही. म्हणून हे लिहीत आहे. माझ्या वडिलांनी मान फिरविली नव्हती. त्यांनी तो हात पाहिला, आणि मानला.

तो काळ ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आमचे सेक्टर सहामधले घर आधी पाहावे. दोन खोल्या, मागे भिंतीने घेरलेले अंगण, अंगणात पेरूचे झाड आणि झाडापासून भिंतीपर्यंत ताणलेली कपड्यांची तार. माय रोज सकाळी तारेवर लुगडी वाळत घाली आणि दुपारी काढताना प्रत्येक लुगडे झटके, कारण कारखान्याकडून येणारी तांबूस धूळ पांढऱ्या सुतावर बसली की गुलाबी डाग ठेवून जाई. कारखान्याचा भोंगा वाजला की घर जेवे, भोंगा वाजला की झोपे. माय वैनगंगेच्या काठची. तिने भिलाईला येताना भिवापुरी मिरचीचे बी आणि लाखोळीच्या डाळीचे गाठोडे आणले होते, आणि त्या दोन गोष्टी जोवर घरात आहेत तोवर आपण परदेशी आलेलो नाही असे ती म्हणे. रविवारी ती आयते करी. तांदळाच्या पिठाची, तव्यावर पातळ पसरलेली ही जाळीदार धिरडी आमच्या भंडाऱ्याकडच्या माणसाला पोटाआधी नाकानेच कळतात. आमच्या घरी ती आणखी एका माणसाला कळत.

त्याचे नाव मिकोला. उंच, रुंद, गुडघ्यांनी अधू आणि उन्हाने लाल झालेला हा माणूस पोलाद ओतण्याच्या विभागात सल्लागार होता, आणि माझ्या वडिलांना क्रेन त्यानेच शिकविली होती. क्रेनची केबिन छताजवळ असते. तिथवर खालच्या माणसाचा आवाज पोहोचत नाही, पोहोचतो तो फक्त हात. वर उचल, खाली सोड, डावीकडे, हळू, थांब, सगळे हाताने. खाली एक इशारेवाला ठरलेला असतो आणि ऑपरेटरने त्याच्याच हाताकडे पाहायचे असते. मिकोलाने बाबांना पहिल्या दिवशी सांगितलेल्या नियमाला मात्र अपवाद नव्हता: दोन्ही हात आडवे पसरून थांबण्याचा इशारा कोणीही केला, इशारेवाल्याने केला, झाडूवाल्याने केला, वाट चुकून आत आलेल्या पाहुण्याने केला, तरी ऑपरेटरने थांबायचे. का, ते मागाहून विचारायचे. दुभाष्याने हे भाषांतर करून सांगितल्यावर मिकोलाने खात्री करून घेण्यासाठी एका सफाईवाल्या बाईला हात पसरायला लावले होते, आणि बाबांनी क्रेन थांबविल्यावर ती बाई लाजून पदर तोंडाशी धरून पळाली होती. हे बाबा घरी येऊन हसत सांगत.

आपले खलाशी जड वस्तू उचलताना “हाबेस” आणि उतरवताना “आरिया” असे ओरडतात. मिकोला तेच “वीरा” आणि “माइना” असे ओरडे. हे दोन शब्द बाबांबरोबर आमच्या घरात आले आणि राहिले. माय विहिरीवरून बादली ओढताना वीरा म्हणे. धाकट्या बहिणीला माळ्यावरून उतरवताना बाबा “माइना, माइना” म्हणत आणि ती हवेतच खिदळे. रविवारी मिकोला आला की अंगणात पाटावर बसे, गुळाबरोबर आयते खाई, आणि आपली आजीही हेच करीत असे, असे खुणांनी सांगे. एकदा त्याने परातीतल्या पिठावर बोटाने आपली नदी काढून दाखविली. माय चुलीशेजारून म्हणाली, “त्याले इचारा, त्याची नदी मोठी का माही वैनगंगा?” बाबांनी हात फाकवून विचारले, मिकोलाने त्याहून हात फाकवले. “मोठी म्हनते,” बाबा म्हणाले. “असन मोठी. पानी गोड नसन,” माय म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक आयते टाकले.

येथे एक दुरुस्ती करणे भाग आहे, कारण स्मरणिकेतील उताऱ्यात तीही चूक आहे. मिकोला रशियन नव्हता. त्याची नदी नीपर. आज ज्या दोन देशांत लढाई चालू आहे, त्यांतल्या ज्याला आपण तेव्हा वेगळा देश म्हणून ओळखतही नव्हतो, त्यातला तो होता. आम्हाला सगळेच रशियन. परवा माझ्या नातवाने फोनवर एक पोलादाचा कारखाना जळताना दाखविला आणि विचारले, “आबा, वही वाला शहर है क्या, तुमच्या त्या माणसाचं?” मला शहराचे नाव कधीच ठाऊक नव्हते. पिठात ओढलेली रेघ तेवढी ठाऊक होती. पडद्यावर धुरामागे रुंद पाणी दिसले. मी त्याला म्हणालो, बंद कर. चहाच्या टपरीवर आमच्या वयाची मंडळी आजही “आपला रशिया” म्हणून हिरिरीने भांडतात, आणि आपल्याला पोलाद ओतायला शिकविणारे किती जण त्या लढाईत कोणत्या बाजूला पडले असते याचा विचार त्यांना शिवत नाही.

चीनशी लढाई जुंपली ते दिवाळीचे दिवस होते. शेजारच्या घरी रेडिओ होता आणि बातम्यांच्या वेळी त्या घराच्या पायऱ्यांवर बसायला जागा उरत नसे. जी नावे कोणी ऐकली नव्हती ती नावे, तवांग, बोमडिला, आमच्या बायका भाजी निवडताना उच्चारू लागल्या. माय जवानांसाठी लोकर विणायला शिकली. तिच्या गावात कोणाच्या अंगावर लोकर चढली नव्हती. सगळ्यांची एकच आशा होती की ज्यांनी आपला कारखाना उभारला ते आपल्या बाजूने उभे राहतील. तसे झाले नाही. त्यांच्या सरकारी वर्तमानपत्राने भारताला चीनच्या अटी मानण्याचा सल्ला दिल्याची बातमी आली, आणि ज्या रस्त्यांवरून ते लोक टोप्या हलवीत जात त्या रस्त्यांवर दुसऱ्या दिवशी कोणी मान वर केली नाही.

त्या रविवारी मिकोला आला. आयते होते, गूळ होता. बाबांनी ताट पुढे केले आणि बसता बसता विचारले. शब्द थोडेच होते: चीन, इंडिया, तुमी. मिकोलाने अर्धे आयते मोडून खाल्ले. मग त्याने, बहुधा त्यांना वरून सांगून ठेवलेले वाक्य मोडक्या हिंदीत म्हटले, “चीन भाई. इंडिया दोस्त.” मायला ते कळले. ती तवा उतरवून म्हणाली, “मंग भाऊ आमच्या घरात घुसून मारून राहिला, आन दोस्त कायले बसला?” मिकोलाला शब्द कळले नसतील, तव्याचा आवाज कळला. त्याने ताटातले अर्धे आयते तसेच ठेवले आणि उठला. मी त्याला त्यापूर्वी कधी ताटात टाकून उठताना पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ठराव झाला. ठराव करणारे नामदेवराव लांजेवार, दिनेशचे वडील. बाबांच्याच विभागात रिगर होते, म्हणजे साखळ्या-दोर बांधून वजने जागेवर बसविणारे. आवाज मोठा, छाती रुंद, बोलणे सरळ. भिलाईत एकटेच राहत आणि सणासुदीला आमच्याकडे जेवत. त्यांच्याविषयी मला तेव्हा आदर होता आणि आजही आहे, हे दिनेशने नीट वाचावे. ते म्हणाले, “आजपासून रशियनासंगं अबोला. वीरा नाही, माइना नाही. आपलं हाबेस-आरिया हाय ना? त्याचा हात बी पाहाचा नाही.” कोणीतरी विचारले, “आन त्यानं थांब म्हनलं त?” “सुखरू थांब म्हनन तवाच थांबाचं.” सुखरू हा अहिवाऱ्याकडचा छत्तीसगढी माणूस, बाबांच्या क्रेनचा इशारेवाला. तो लगेच बाबांना म्हणाला, “गभने भइया, ओकर हाथ ला झन देखबे, मोला देख.” बाबांनी मान डोलावली. ती कोणाच्या दडपणाने डोलावली असे कोणी लिहू नये. ते मनापासून दुखावले होते, कारण त्या पूर्ण विभागात मिकोलाशी ज्याचे घरचे नाते होते असा तेच एक होते.

अबोला ही आपली घरगुती चीज आहे. जावा-जावांचा असतो, भावांचा असतो. त्यात ताट वाढले जाते, पाणी ठेवले जाते, फक्त नाव घेतले जात नाही. तो कारखान्यात न्यावा हे आमच्याच माणसांना सुचावे. आणि त्यातली गफलतही आमचीच. ज्या माणसाशी आपण तोंडाने कधी बोललोच नाही, ज्याच्याशी सगळा व्यवहार हातांचा, त्याच्याशी अबोला धरायचा म्हणजे डोळे मिटायचे, आणि क्रेन चालविणाऱ्याने डोळे मिटायचे नसतात, हे त्या कँटीनमध्ये कोणाच्याही ध्यानात आले नाही.

घरातून ते दोन शब्द गेले. धाकटी बहीण हात वर करून उभी राहिली तर बाबा तिला मुकाट उतरवून खाली ठेवीत. पुढच्या रविवारी मिकोला फाटकाशी आला. मी दारात उभा होतो, सोळा वर्षांचा, मॅट्रिकच्या वर्गातला. त्याने माझे नाव घेतले. मी उत्तर दिले नाही. तो “खरशो” असे स्वतःशीच म्हणाला, म्हणजे बरे, आणि गेला. मला याचा पश्चात्ताप आहे असे वाचकाने समजू नये. ज्या आठवड्यात आपली माणसे बर्फात मरत होती त्या आठवड्यात माझ्याकडे देण्यासारखे ते मौनच होते आणि मी ते दिले. पण दारामागे माय उभी होती. तिने दिवाळीच्या फराळाचे ताट सवयीने त्याच्यासाठीही लावले होते, वर रुमाल झाकला होता. बाबा म्हणाले, “नेऊ नको.” तिने नेले नाही, आणि उचललेही नाही. ते ताट फळीवर राहिले. चकल्या सादळल्या, करंज्यांचे तूप रुमालात उतरले, तरी कोणी त्याला हात लावला नाही, आणि मुंग्यांची रांग लागल्यावर मायने एकदा सगळे गाईपुढे ठेवले. आजही बंद घराचा, सादळलेल्या तळणाचा वास आला की मला फाटकावर कोणीतरी उभे आहे असे वाटते.

त्यानंतर तो दिवस. सकाळपाळी होती. मी तिथे नव्हतो. जे लिहितो ते बाबांकडून एकदा आणि सुखरूकडून एकदा ऐकलेले आहे, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही. साचा म्हणजे माणसाहून उंच, ओतीव लोखंडाचा पोकळ ठोकळा. त्यात वितळलेले पोलाद ओततात. बाबा असा एक साचा ओतखड्ड्यातल्या त्याच्या जागेवर उतरवीत होते. शेजारच्या तापल्या साच्यांवर पाणी मारल्यामुळे वाफेचा लोट उठला होता. जागेवरचा लाकडी ठोकळा सरळ करायला गेलेला एक माणूस पलीकडून बाहेर पडला असे सुखरूला वाटले, आणि त्याने हात खाली केला: आरिया. माणूस बाहेर पडला नव्हता. त्याचा बूट दोन रुळांच्या फटीत अडकला होता आणि तो वाकून नाडी सोडवीत होता. सुखरूच्या बाजूने वाफ होती. मिकोलाच्या बाजूने नव्हती. अबोल्यानंतर त्याने इशारे करणे सोडूनच दिले होते, भिंतीशी उभा राही. तो भिंतीपासून पुढे धावला, अधू गुडघ्यांनी, आणि त्याने दोन्ही हात आडवे पसरले.

बाबा वरून दोन इशारे पाहत होते. ठरलेला माणूस म्हणत होता, उतरव. अबोल्यातला माणूस म्हणत होता, थांब. खाली काय आहे ते त्यांना वाफेमुळे दिसत नव्हते, हे महत्त्वाचे आहे. त्यांनी स्वतःच्या नजरेने काही ओळखले आणि थांबले, अशी पळवाट दिनेश पुढेमागे काढील, ती मी आत्ताच बंद करतो. त्यांना फक्त दोन हात दिसत होते, आणि त्या हातांकडे पाहायचे नाही असे त्यांनी चार लोकांत कबूल केलेले होते. त्यांनी क्रेन थांबविली. साचा वाफेत लोंबकळत राहिला. वाफ विरली तेव्हा खालचा माणूस साच्याच्या सावलीत उकिडवा बसलेला दिसला. वर पाहत होता. मिकोलाने त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढून काढला, मग सुखरूकडे पाहून मान हलविली आणि पुन्हा भिंतीशी जाऊन उभा राहिला. त्या वाफेत चारच माणसे होती: वरचा, इशारेवाला, मिकोला आणि साच्याखालचा. साच्याखालच्या माणसाचे नाव मी मुद्दाम शेवटी लिहिणार आहे.

संध्याकाळी नामदेवराव आमच्या घरी आले. मी ओसरीत पुस्तक घेऊन बसलो होतो. त्यांच्या सदऱ्याची एक बाही काखेपासून उसवली होती, माय म्हणाली, “भाऊजी, काढून द्या, टाका मारून देतो.” त्यांनी ऐकले नाही. पाणी ठेवले, ते प्यायले नाहीत. मग म्हणाले, “तुळशीरामभाऊ, तुमी त्याचा हात पाहिला?” बाबा म्हणाले, “पाहिला.” पेरूच्या झाडावर पोपट भांडत होते. मग नामदेवराव, ज्यांचा आवाज कँटीनच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई, ते मला कान द्यावा लागेल इतक्या हळू म्हणाले, “हे बाहेर जाऊ देऊ नका. लोकायले मी सांगतो का तुमी तोंड फिरवलं. सुखरू काही बोलत नाही.” बाबांनी विचारले, “कावून?” “मी उद्या त्याइच्यासमोर कसा उभा राहू?” बाबांनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “सांगा.” एवढाच तो शब्द. नामदेवराव गेल्यावर मायने त्यांचे न प्यालेले पाणी तुळशीत ओतले. मी तेव्हा समजलो की ठरावाची लाज राखायला पुढारी आला होता.

येथून पुढचे दिनेशला ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तर त्याने शाल आणली नसती. लढाई संपली. थोड्याच दिवसांत वाऱ्याची दिशा बदलली. वर्तमानपत्रांत पुन्हा मैत्री आली, त्यांच्याकडून विमाने घेण्याच्या बोलण्यांची बातमी आली, कारखान्यात हारतुरे घेऊन पाहुणे आले. देशांचे असेच असते. त्यांना अबोला धरणे सोपे आणि सोडणे त्याहून सोपे, कारण समोरासमोर पाटावर बसून पहिला शब्द काढायची लाज त्यांना नसते. कँटीनमधल्या लोकांनीही हळूहळू टोप्या हलवायला सुरुवात केली. नामदेवरावांनीच एका सकाळी, “चला बाप्पा, झालं गेलं,” म्हणून मिकोलाच्या सहकाऱ्यांना चहा पाजला. सगळे बोलू लागले. बोलले नाहीत ते फक्त बाबा. एव्हाना ते साऱ्या विभागात मान फिरविणारे तुळशीराम गभने झाले होते. नवी पोरे त्यांच्याकडे बोट दाखवीत. ते मिकोलाशी एक शब्द बोलले असते, त्याला एकदा घरी आणले असते, तर कोणीतरी विचारले असते, आणि त्यांना खोटे बोलता येत नव्हते. गप्प राहता येत होते. शब्द पाळण्यासाठी ते गप्प राहिले.

मिकोलाची मुदत संपली तेव्हा बरेच लोक दुर्ग स्टेशनवर हार घेऊन गेले. बाबा गेले नाहीत. पण त्याच्या कामाच्या शेवटच्या दिवशी, ते मला पुष्कळ वर्षांनी म्हणाले, तो ओतखड्ड्याच्या मध्यावर येऊन उभा राहिला, वर पाहिले आणि दोन्ही हात आडवे पसरले. हुक रिकामा होता. खाली कोणी नव्हते. बाबांनी क्रेन थांबविली. तो हात पसरून उभा राहिला आणि त्याने हात खाली घेईपर्यंत बाबांनी क्रेन हलविली नाही. मग तो गेला. “काही म्हनलं नाही का जी त्यानं?” मी विचारले होते. बाबा म्हणाले, “आनखी काय म्हनन?”

हे त्यांनी सांगितले ते निवृत्तीनंतर, आणि मी विचारले म्हणून. विचारण्याचे कारण असे की आमच्या घरात एक गोष्ट वर्षानुवर्षे घडत होती आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नव्हते. माय अंगणात लुगडे वाळत घालताना दोन्ही हात आडवे पसरून काठ ताणून धरी. त्या क्षणी बाबा ओसरीवर जे काही करीत असतील ते थांबे. घास तोंडाशी थांबे, चष्मा पुसणारा हात थांबे, बोलणे अर्ध्यात थांबे. आणि मायने हात खाली घेतले की पुन्हा सुरू होई. त्यांना ते कळत नसे. मायला कळत असे. तिने हळूहळू लुगडी वाळत घालण्याची वेळ बदलली. बाबा भाजी आणायला गेले की ती तारेकडे जाई. बाबा गेल्यानंतर पुष्कळ वर्षे ती त्याच वेळी कपडे वाळत घालीत राहिली, आणि हात पसरण्याआधी एकदा ओसरीकडे पाही. आज ते घर दुसऱ्या कुटुंबाला मिळाले आहे. मी त्या गल्लीतून स्कूटर घेऊन गेलो की मागच्या भिंतीवरून वर आलेले लुगड्याचे टोक दिसते, आणि माझा हात ब्रेकवर जातो.

बाबांनी शब्द दिला होता. मी कोणाला दिलेला नाही. भिलाईजवळ हथखोजला माझा फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आयुष्यभर चालला. तिथे माझ्या दोन क्रेन होत्या आणि ऑपरेटरला मी पहिल्या दिवशी तोच एक नियम सांगत असे. तो कोणाकडून आला हे मी सांगत असे, नावानिशी. म्हणून यंदाची स्मरणिका हातात पडल्यावर मी अहिवाऱ्याला सुखरूच्या घरी गेलो. त्याला आता दिसत नाही. मुलाने त्याला खाटेवर उठवून बसविले. मी उतारा वाचून दाखविला. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, “झूठ हे. मोर हाथ खाल्हे रिहिस, ओकर हाथ आड़ा. तोर ददा हा ओकर बात मानिस, मोर नइ मानिस. बने करिस.” म्हणजे, बरे केले. मी साच्याखालच्या माणसाचे नाव विचारले. त्याने तेच सांगितले जे बाबांनी सांगितले होते. मग आपले दोन्ही वाळलेले हात त्याने हळूच आडवे केले, जणू काहीतरी आठवून पाहत होता, आणि मी पुढे होऊन ते खाली घेतले.

दिनेशचे म्हणणे असे की त्याने हा प्रसंग प्रत्यक्ष आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्याच्या वडिलांइतके खात्रीचे कोण असणार. ते मला मान्य आहे. त्यांच्याइतके जवळून तो साचा कोणीच पाहिला नव्हता. माझ्या वडिलांनी मान फिरविली की नाही, यावर आणखी साक्षी काढण्याची गरज नाही. एक गोष्ट पुरे आहे, आणि ती दिनेशला आपल्या घरातच पडताळून पाहता येईल. त्या वाफेत, बूट अडकून, साच्याखाली वाकलेला माणूस नामदेवराव लांजेवार होता. त्यांचे लग्न त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाले, आणि दिनेश त्यांचा थोरला मुलगा आहे.